माझी बावीस इंचांची उडी

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. वसईतल्या आमच्या गावाच्या फुटबॉल संघाला शाळेतले ड्रिलमास्तर शिकवायचे. एकदा ते मुंबईच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि येताना पायांची ताकद मोजायची नवी रीत घेऊन आले. शाळेच्या मागच्या भिंतीला खेटून उभं राहायचं, कोळशाने काळी केलेली बोटं वर ताणून खूण करायची, मग जागच्या जागी उडी मारून दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पायांची ताकद. टेप शिंप्याकडून मागून आणली होती.

आमचा सेंटर फॉरवर्ड पाचूबंदरचा कोळी. होड्या ओढून त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या. त्याची उडी भरली बारा इंच.

"सर, आमच्या पायाना चिखलाची सवय," तो शांतपणे म्हणाला. "भिंतीवर चढायला आमाला कोनी शिकवला नाय."

माझी पाळी आली तेव्हा मला एक गोष्ट सुचली. पहिली खूण करताना खांदा थोडा पाडला, कोपर किंचित वाकवलं, तर उडी बसल्या जागी वाढते. मी तसंच केलं. बावीस इंच. मास्तरांनी दोनदा टेप लावली, माझ्या मांड्या चाचपून पाहिल्या आणि जाहीर केलं की रविवारी बोळिंज गावाच्या संघाविरुद्ध सेंटर फॉरवर्ड मी. कोळी मागे बॅकला.

घरी मी हे ऐटीत सांगितलं. आईने त्या दिवशी मला दोन अंडी जास्त दिली.

रविवारी मास्तरांचा हुकूम होता, प्रत्येक कॉर्नर माझ्या डोक्यावर. पहिला चेंडू माझ्या डोक्याच्या वीतभर वरून गेला. दुसऱ्याला मी इतक्या जोरात उडी मारली की खाली येताना आमच्याच गड्याच्या पायावर उतरलो. तो लंगडत बाहेर गेला. तिसऱ्या कॉर्नरला कोळी मागून सावकाश चालत आला, चेंडू येणार तिथे उभा राहिला आणि जमीन न सोडता डोक्याने गोल केला. आम्ही एक-शून्यने जिंकलो.

सोमवारी मास्तरांनी मला पुन्हा भिंतीपाशी नेलं. या वेळी माझं मनगट स्वतः धरून वर ओढलं.

"मार उडी."

दहा इंच. मास्तरांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिली.

"त्या दिवशी काय केलं होतंस?"

मी सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त टेप गुंडाळली आणि म्हणाले, "रेषा मारायला चुना भिजवलाय. मैदानावर जा."

त्या संध्याकाळी मी एकटाच मैदानाच्या रेषा मारत होतो. कोळी सायकलवरून उतरून माझ्याजवळ आला. मी त्यालाही सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

त्याने सायकल कडेला लावली. मग म्हणाला, "आदी सांगाचा होता. मीपन वाकवला असता कोपर."

आणि चुन्याची दुसरी बादली त्याने उचलली.