राणीच्या बागेत घोडेगावचा बाजार

गुरांच्या दलालांबरोबर एक चहा घेतला तरी दोन किस्से पदरात पडतात. मी तर अख्खी मुंबई पाहिली त्यांच्याबरोबर! बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी घोडेगावात गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. शिकलेला म्हणून सहलीची सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात!

*

पहिला मुक्काम मत्स्यालय. आमचा कोंडाजी दलाल तोंडाचा भारी फटकळ. त्याने रखवालदाराला विचारलं, "ह्ये मासे झोपत्यात कवा?"

"झोपतात की. पण डोळे उघडेच असतात."

"म्हंजी आमच्या ग्रामपंचायतीचे मेंबर!"

*

म्युझियममध्ये काचेच्या कपाटात पेंढा भरलेला गवा. कोंडाजी म्हणाला, "काच उघडा, दात बघायचेत." दातांवरून वय ओळखायची आमच्याकडं रीतच आहे.

"अहो बाबा, मेलाय तो!"

"मंग आता वय वाढायचं न्हाई. सांगाया काय हरकत हाय?"

*

म्हातारीचा बूट बघायला गेलो. कोंडाजीने त्याला दोन फेऱ्या मारल्या.

"मास्तर, दुसरा बूट कुठंय?" मी कंपाउंडर, पण तो मला मास्तरच म्हणायचा.

"एकच बांधलाय."

"गेला आसंल चोरीला. आमच्या देवळाभाईर आसंच हुतं!"

*

आता सखारामअण्णांचं सांगतो. चाळीस वर्षं बाजारात काढलेला माणूस. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायचे. मुलगा दत्तू बरोबर होता. एस.टी.तच त्याने मला सांगितलं, "घरी गेलो की अण्णांचा बाजार बंद. दातबी दिसंनात त्यांना. लोकं हसाया लागली." अण्णांनी ते ऐकलं. मुंबई येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं.

राणीच्या बागेत गेलो तर वाघ-सिंह राहिले बाजूला, आमची सगळी मंडळी गवताच्या गाडीच्या बैलांभोवती गोळा! गाडीवान वैतागला. "सरका हो, जनावरांना गवत द्यायचंय," म्हणून त्याने गाडी हाकली.

अण्णा लांब बाकावर बसले होते. तिथूनच ओरडले, "आरं, थांबीव गाडी! डाव्या बैलाच्या मागल्या पायात कायतरी रुतलंय!"

"तुम्हाला तिथून काय दिसतंय, आजोबा?"

"दिसत न्हाई म्हून तर सांगतोय! एक पाय हलका पडतोय, ऐकू येतंय मला."

गाडीवानाने पाय उचलून पाहिला. खुरात हा एवढा खिळा! मी तिथंच तो काढला. गाडीवान अण्णांच्या पाया पडला आणि दत्तूची छाती फुगली. आमचीही फुगली, खोटं कशाला बोलू!

परत निघालो. बागेत एक काळ्या घोड्याचा मोठा पुतळा आहे. अण्णा त्याच्यापुढं थांबले. बराच वेळ बघत राहिले.

अण्णा मान डोलावून म्हणाले, "जनावर गुनी हाय बरं का! कवाधरनं उभं हाय, पर कान हालवंना!"

दत्तूचं तोंड एवढंसं झालं. कोंडाजी काही बोलणार, तेवढ्यात मी त्याच्या पायावर पाय दिला.

दत्तूने अण्णांचा हात धरला.

"व्हय अण्णा, लई गुनी हाय. शुक्रवारी बाजाराला लवकर निघू. तुमी पाय बघा, दात मी बघतो."