बन्नूरच्या गच्चीवरचा नकार

म्हैसूर, १२ जानेवारी

सरोजा मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला, त्याला चार महिने झाले. तीनदा आठवण करून दिली गेली आणि मी एकदाही उत्तर दिलं नाही. त्याबद्दल संपादक मंडळाची आणि मॅडमच्या सर्व स्नेह्यांची क्षमा मागतो. वेळ नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. तीन मसुदे लिहून झाले होते, पण तिन्हींत मी एक गोष्ट टाळली होती.

मॅडमची पहिली भेट कुवेंपुनगरमधल्या, उपग्रह-जोडणीची कामं करणाऱ्या आमच्या कार्यालयाच्या गच्चीवर झाली. साताऱ्याहून शिकून नुकताच आलो होतो. उपग्रहाच्या दिशेनं डिश अँटेनाची छत्री फिरवून मी पहिल्यांदा सिग्नल धरला आणि टाळीसाठी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आला तो त्यांचा. तुझा कसा जातोय ते कोण बघणार?" म्हैसूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी रंगारी घराण्यातल्या मॅडमचं मराठी अर्धं कन्नड, पण कामाची गोष्ट पहिल्याच वाक्यात कळे.

त्या काळी छपरावर चढणारी बाई इंजिनीअर असू शकते, हे लोकांना पटत नसे. इंजिनीअर कधी येणार, असं कुणी विचारलं की मॅडम शांतपणे सांगत, "वर गेलेत," आणि शिडी चढू लागत.

माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी पत्नी आठ दिवस रुग्णालयात होती. बोगादी भागातलं माझं काम मॅडमनी केलं, रोज चित्रान्नाचा, लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबाही पोचवला. नोंदवहीत मात्र स्वतःचंच नाव घातलं. मी थोडा हिरमुसलो, तेव्हा म्हणाल्या, काम मी केलंय, तुझं नाव कसं घालू?

आता बन्नूर.

म्हैसूरजवळच्या त्या गावातल्या एका छोट्या दवाखान्याला उपग्रहामार्फत म्हैसूरच्या डॉक्टरांशी जोडायचं होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, मंडप उभा राहिला होता. म्हैसूरचं चित्र पडद्यावर स्वच्छ आलं, आवाज दोन्हीकडून गेला, पेढे वाटले गेले. एक चाचणी तेवढी उरली होती. उपग्रहावर एकाच वारंवारितेत दोन लहरी चालतात, एक उभी, एक आडवी. छत्रीसमोरचं फीड, म्हणजे लहर सोडणारं तोंड, जरा तिरकं राहिलं, तर आपली लहर दुसऱ्याच्या लहरीत झिरपते. आपलं चित्र तसंच छान दिसत राहतं आणि त्रास होतो तो कुठल्यातरी अनोळखी माणसाला. म्हणून मुख्य केंद्रातला माणूस फोनवर आकडा सांगतो आणि इकडे आपण फीड केसाकेसानं फिरवायचं. दोन लहरींत तीस डेसिबलचा फरक हवा होता, आमचा सव्विसाच्या वर जात नव्हता. मॅडमनी छत्रीच्या कडेवरून दोरा ताणून पाहिला. वाहतुकीत छत्रीच वाकली होती.

आमचे मॅनेजर गच्चीवर आले. आपलं चालतंय ना, मग सही करा, एवढंच त्यांचं म्हणणं. मॅडमनी चाचणीचा अहवाल सही न करता परत केला. मॅनेजरनी तो माझ्यापुढे धरला.

"सुम्ने सही करू नको रे," मॅडम म्हणाल्या. उगाच, काही कारण नसताना करू नको.

मी सही केली. नोकरी नवी होती, घरी बाळ होतं; ही कारणं मी तेव्हाही मोजली होती, आजही मोजतो. मॅडमनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'छत्री वाकडी आहे. मला मान्य नाही.' खाली पूर्ण नाव. उद्घाटन थाटात झालं आणि मॅडमना भांडारात बसवलं गेलं. त्या दिवशीच्या माझ्या रोजनिशीत तीनच शब्द आहेत: 'बन्नूर. सही केली.'

कुणीही तक्रार केली नाही. आमच्यामुळे कुणाचं काय बिघडलं, हे मला कधीच कळलं नाही, आणि मला टोचतं ते हेच. अकरा महिन्यांनी मॅडमनी भांडारातूनच एक सरळ छत्री मंजूर करून घेतली आणि सुट्टीच्या दिवशी मला बन्नूरला नेलं. फीड मीच फिरवलं. फोनवर तीसच्या पुढचा आकडा ऐकला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आता कर सही."

हे पान मी परवा मंडळातल्या एका स्नेह्यांना दाखवलं; ते वगळावं, असं त्यांनी मला सुचवलं आहे. ते मॅनेजर समारंभाचे पाहुणे आहेत, शुभप्रसंगी जुनं कशाला, असं ते म्हणाले. मला हे मान्य नाही. हे वगळून मॅडमचा गौरव होऊच शकत नाही. छापायचा तर पूर्ण लेख छापावा, नाहीतर परत करावा.

पण मीही स्वतःला विचारलं, की मॅडमच्या नावाआडून मी स्वतःचंच मन हलकं करतोय का? म्हणून काल त्यांच्याकडे गेलो आणि सगळा लेख वाचून दाखवला. कॉफीचा लोटा खाली ठेवत त्या म्हणाल्या, "लिही की. माझ्या साठीला लोकांनी गोडच का वाचायचं? पण मी मोठी होते असं लिहू नको. छत्री वाकडी होती असं लिही."

छत्री वाकडी होती.

सरोजा मॅडमच्या गुडघ्यांत शिडी चढण्याचं बळ पुष्कळ वर्षं राहो, आणि नाही म्हणण्याइतका खणखणीत आवाज शंभरीपर्यंत राहो.

उद्या: कपाटातून बन्नूरच्या पहिल्या अहवालाची प्रत काढून, दोन्ही नावं दिसतील अशी, या लेखाला जोडणे.