बारावा भाग

त्या पुस्तकांची छपाई इतकी वाईट होती की वाचून झाल्यावर बोटं काळी व्हायची. पातळ पिवळट कागद, मधोमध दोन पिना आणि मुखपृष्ठावर हमखास एक तलवार. यवतमाळच्या बसस्टँडवर पंचांगांच्या शेजारी ती दोरीला टांगलेली असत. साठच्या आसपास मी शिक्षकाच्या ट्रेनिंगला होतो, तेव्हा एकेक करून त्या मालेचे अकरा भाग मी घेतले. अकराव्याच्या शेवटच्या पानावर छापलं होतं, 'बारावा व अंतिम भाग लवकरच'. त्या 'लवकरच'पायी माझ्या हातून जे झालं ते सांगायला बसलो आहे. सांगून आता कुणाचं भलं होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

गोष्ट एका किल्लेदाराची होती. राजानं भर दरबारात अपमान केला म्हणून त्यानं शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून दिला. रातोरात सगळं गाव कापलं गेलं. त्यात जिची लेकरं गेली त्या चेटकिणीनं त्याला शाप दिला की तुला माती घेणार नाही आणि आगही घेणार नाही. त्या दिवसापासून तो मरत नव्हता. त्याला कापला, जाळला, कड्यावरून ढकलला, तरी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना तो एका कोरड्या विहिरीच्या काठावर जागा व्हायचा आणि त्याला भयंकर तहान लागलेली असायची. तलवारीच्या मुठीनं त्याचा तळवा कोळशासारखा काळा झाला होता. त्यावरून लोक त्याला ओळखत आणि पाणी द्यायचं झालंच तर लांबून, वरून ओतत. त्याच्या हाताला हात लागू देत नसत.

तो चांगला माणूस नव्हता. त्यानं गावं जाळली, ज्यांनी आसरा दिला त्यांना फसवलं, राखेतून फौजा उठवणाऱ्या मांत्रिकांशी सौदे केले. त्याच्यावर जीव लावणारं एकही माणूस पुढच्या भागापर्यंत टिकत नसे. आणि तो कुणाची माफी मागत नसे, देवाची तर नाहीच.

मला तो का आवडला, हे मी तेव्हा कुणालाच सांगू शकलो नसतो. छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन धम्म घेऊन आलो आणि त्या दिवसापासून आम्हाला चोवीस तास चांगलं राहावं लागलं. कपडे स्वच्छ हवेत, बोलणं शुद्ध हवं, दारू नाही, भांडण नाही, उधळेपणा नाही. सगळं गाव टक लावून बघत होतं की हे कधी घसरतात. बा तर म्हणायचा की एक पोट्टा वाया गेला तर शंभर पोट्ट्यांची वाट बंद होईल. ते खरंच होतं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाच्या खांद्यावर शंभर पोरं बसवली की त्याला कधीतरी एखादं गाव जाळावंसं वाटतं. ते काम किल्लेदार माझ्यासाठी करायचा. वसतिगृहात जेवणाच्या पंगतीत आडनाव विचारून कुणी सरकून बसलं की मी खोलीवर येऊन चौथा भाग काढायचो. त्यात तो एका पुजाऱ्याला देवळाच्या पायरीवर उभा चिरतो. ते पान मी इतकं वाचलं की ते पिनांतून सुटून आलं.

बाला हे पुस्तक-प्रकरण कळलं तेव्हा तो भयंकर भडकला. त्याला सहीपुरतंच लिहिता येत होतं, पण छपाईचा मान त्याच्याइतका कुणी ठेवत नसेल. हंगामात तो दिग्रसला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी ओढायला जायचा आणि परत येताना धम्माची छोटी पुस्तकं, वर्तमानपत्रं जपून घेऊन यायचा, माझ्याकडून वाचून घ्यायचा. घरातले टाक आणि शेंदऱ्या दगड टोपलीत भरून नदीत सोडणारा आमच्या वस्तीतला पहिला माणूस तो. चेटकिणीचं चित्र बघून तो म्हणाला, "देव काढले घरातून, तं आता भुतं आनून राह्यला काय? याच्यासाठी शिकोलं तुले?" मी पुस्तकं पत्र्याच्या पेटीत टाकली आणि पेटी खाटेखाली सरकवली. घाटंजीजवळच्या आमच्याच गावात मला नोकरी लागली, लोक मला गुरुजी म्हणायला लागले, आणि अंधश्रद्धेवर मी पोरांपुढे बरंच बोलायलाही लागलो.

त्याच्या पुढच्या वर्षी मायच्या घशात गाठ झाली.

आधी भाकर उतरेना, मग कण्या, मग पेज. यवतमाळला दाखवलं, नागपूरला दाखवलं. नागपूरच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच न्या. आम्ही एसटीनं परत आलो तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती. चैत्र-वैशाख तिनं खाटेवर काढला. दाराला बांबूच्या कामट्यांचा तट्टा बांधला होता, त्यावर बा पाणी मारायचा, तरी घरात भट्टी असायची. शेवटी शेवटी पाण्याचा घोटसुद्धा जाईना. बा सरकी काढलेल्या कापसाचा बोळा पाण्याच्या गडव्यात बुडवून तिच्या ओठांवर पिळायचा. अर्धं पाणी गालावरून उशीत जायचं.

माझी सकाळची शाळा अकराला सुटायची. दुपारभर तिच्याजवळ बसायचं आणि करायचं काय? एके दिवशी तीच म्हणाली, "काही वाच ना बाबू. पोथीवानी वाच."

पोथीचं तिचं वेड जुनं होतं. धम्म घेण्याआधी दर श्रावणात पाटलांच्या ओसरीवर पोथी लागायची. माय गल्लीच्या पलीकडे, गोठ्याच्या भिंतीला टेकून, मांडीवर निवडायची टोपली घेऊन ऐकायची. त्याहून जवळ जायची सोय नव्हती. महिनाभर एक शब्द चुकवायची नाही. पण समाप्तीच्या दिवशी सगळं गाव लोटायचं, गल्ली भरून जायची, आणि तिला आणखी मागं सरकावं लागायचं. तिथून काही ऐकू यायचं नाही. इतक्या पोथ्या तिनं ऐकल्या, पण शेवट एकाही पोथीचा ऐकला नाही. हे ती तक्रार म्हणून सांगत नसे, पाऊस कमी पडला असं सांगावं तसं सांगायची.

पोथ्या आता घरात नव्हत्या, आणि असत्या तरी मी वाचल्या नसत्या. बानं आणलेली पुस्तकं वाचून दाखवली तर ती हात जोडून ऐकायची आणि झोपी जायची. म्हणून एका दुपारी बा कामावर गेलेला बघून मी पेटी ओढली. खाली घोंगडीची घडी घातली, पाट मांडला, पाटावर किल्लेदाराचा पहिला भाग ठेवला आणि पोथीच्या चालीत वाचायला लागलो. एक वाक्य पुस्तकातलं वाचायचं, मग आपल्या बोलीत त्याचा अर्थ सांगायचा. माय दर अर्थाला 'हूं' म्हणायची. बोलणं जड झालं होतं, पण ते 'हूं' शेवटपर्यंत स्पष्ट होतं.

विहिरीच्या काठावर तो जागा होतो आणि गावकरी त्याला वरून पाणी ओततात, ते आलं तेव्हा ती 'हूं' म्हणाली नाही.

"हा आपलाच हाय," ती म्हणाली.

"किल्लेदार आहे तो, माय. मोठा माणूस."

"असन. पन पानी वरून पेते ना?"

मी अकरा भाग दोन दोनदा वाचले होते आणि मला हे दिसलं नव्हतं. मला त्याची तलवार दिसली होती. त्या दिवसापासून ती त्याला 'काळ्या हाताचा' म्हणायला लागली आणि सकाळी मी शाळेतून येण्याची वाट बघायला लागली. त्यानं कुणाला मारलं की तिला वाईट वाटायचं, पण मेलेल्याचं नाही, त्याचंच. "मरू कायले देत नाही त्याले?" असं ती दर भागाला विचारायची. मी म्हणायचो, शेवटी आहे ते, थांब. दुपारी बा लवकर आला तर तट्ट्याबाहेर निंबाखाली दोर वळत बसायचा. आत यायचा नाही. मला वाटायचं, राग गिळून बसला आहे.

अकरावा भाग संपतो तो असा: किल्लेदाराला कळतं की शापाला उतारा आहे, आणि तो उतारा सांगायला म्हातारी झालेली चेटकीण तोंड उघडते. पुढे बारावा भाग. एका रविवारी मी यवतमाळला जाऊन आलो. स्टॉलवाला म्हणाला, ती माला बंद पडली म्हणतात. मी घरी येऊन मायला सांगितलं की पुस्तक मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेचं जुनं हजेरीपत्रक वहीच्या पुठ्ठ्यात घालून पाटावर ठेवलं आणि मनानं रचत वाचायला लागलो. शेवट करणं अवघड नव्हतं. एका दुपारचं काम होतं. पण ती एकदा म्हणाली होती, "समाप्ती आयकली का झालं मग. जाईन मी." बोलायचं म्हणून बोलली असेल. मी गुरुजी होतो, पोरांना सांगायचो की मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही. आणि तोच मी हजेरीपत्रकाची पानं उलटत, समाप्ती होऊ द्यायची नाही म्हणून, नवे मांत्रिक आणत होतो. चेटकिणीचं तोंड उघडलं की मी वादळ आणायचो. उतारा एका डोंगरात लपवला, डोंगर समुद्रात बुडवला. किल्लेदार रोज मरायचा आणि रोज विहिरीवर उठायचा. इकडे माय हाडांचा सापळा झाली होती. कूस बदलताना ओरडायचीसुद्धा ताकद नव्हती, नुसतं तोंड उघडायचं. ती डोळ्यांनी विचारायची आणि मी म्हणायचो, अजून थोडं आहे. मला ती हवी होती. कशाही अवस्थेत हवी होती. याला लोक माया म्हणतात. मला आता तसं म्हणवत नाही.

सतरा-अठरा दिवस असे गेले. मग एका दुपारी मी वाचत असताना तट्टा बाजूला झाला आणि बा आत आला. पाटापाशी वाकून त्यानं पान बघितलं. वाचता येत नसलं तरी हजेरीचे चौकोन आणि लाल फुल्या त्याला कळल्या. गडवा आणि बोळा घेऊन खाटेवर तिच्या उशाशी बसला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "मले ठावूक हाय पुढचं."

तेव्हा मला समजलं की इतके दिवस तो निंबाखाली बसून सगळं ऐकत होता, पहिल्या भागापासून.

"तो चालत चालत एका गावाले गेला," बा म्हणाला. त्याला गोष्ट सांगायची सवय नव्हती, एकेक शब्द गाठ ओढल्यासारखा ओढत होता. "ऊन लय होतं. तिथं एक बाई पानी भरून राह्यली होती. तिनं त्याचा हात पाह्यला. काळा हात. तरी तिनं वरून नाही ओतलं. गडवाच त्याच्या हातात देल्ला. हाताले हात लागला. तिनं लागू देल्ला. त्यानं पोटभर पानी पेलं. मंग निंबाखाली निजला. मंग मेला. दुसऱ्या दिवशी उठला नाही."

बोलता बोलता त्यानं बोळा तिच्या ओठांवर पिळला होता. माय म्हणाली, "हूं."

इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा सैल झालेला मी बघितला नव्हता. मग तिनं मान माझ्याकडे वळवली. पुस्तकाचा माणूस मी होतो ना.

"पुस्तकात असंच हाय ना, बाबू?"

मला राग आला होता, ते लपवत नाही. ज्यानं माझी पुस्तकं खाटेखाली घालायला लावली त्यानं आत येऊन चार वाक्यांत शेवट केला आणि तो माझ्या सगळ्या मांत्रिकांपेक्षा खरा निघाला. आणि रागापेक्षा जास्त मी घाबरलो होतो. ती आता जाईल, हो म्हटलं की जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"नाही माय," मी म्हणालो. "अजून एक भाग आहे."

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती नऊ दिवस जगली. डॉक्टर म्हणतील, गाठीनं जितके दिवस दिले तितके ती जगली, गोष्टीचा काय संबंध? मी स्वतःलाही तेच सांगतो. त्या नऊ दिवसांत तिनं काळ्या हाताच्याचं नाव काढलं नाही. मी घोंगडी घालून बसायचो, शेवट करून टाकतो म्हणायचो, तर ती डोळे मिटून घ्यायची. दोनदा मी बाचीच गोष्ट पुन्हा सांगून पाहिली. एकदाही 'हूं' आलं नाही. नवव्या दिवशी मी शाळेत असताना ती गेली. जवळ बा होता.

तिला पोहोचवून परतताना लोक पुढे गेले. बा आणि मी मागे राहिलो. नदीच्या पात्रात पाणी नव्हतं, वाळू तापली होती आणि बाच्या पायात काही नव्हतं. मधेच तो थांबला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"हो म्हनलं असतं," तो म्हणाला, "तं तुवं काय जात होतं?"

मग तो पुढे चालायला लागला आणि मी त्याच्या मागे चालत राहिलो.