सासूबाईंची मांजर आणि सुनेच्या सुया

पेरिना ही आमच्या बेटावरची एकुलती एक जनावरांची डॉक्टर. तिच्याकडे मांजर घेऊन गेलात तर ती आधी मांजराकडे बघतच नाही. तुम्हाला खुर्चीत बसवते, हातावर सुकं अंजीर ठेवते आणि चौकशी सुरू करते. मांजर झोपतं कुठे, खातं काय, दिवसभर घरात कोण असतं, एवढ्यात भांडणं झाली का, पाहुणे कोण आले आणि कधी टळले. माणूस बोलता बोलता सगळं ओकून मोकळा होतो. बेकरीवाल्याचा कुत्रा स्वतःचे पंजे चाटून चाटून सोलून काढायचा. त्याचं मूळ निघालं ते बेकरीवाला नि त्याची बायको वेगळ्या खोल्यांत झोपू लागले त्यात, आणि हे आम्हाला कळलं ते पंजे भरून आल्यावर, तेही बायकोच्याच तोंडून. पाद्रीबाबा म्हणायचे, माझ्याकडे लोक पापं गाळून आणतात, पेरिनाकडे गाळासकट ओततात. एवढं घबाड पोटात ठेवून ही बाई ताकास तूर लागू देत नाही, हा तिचा एवढाच दुर्गुण.

शिकून ती गावात परतली आणि औषधवाल्याच्या शिकारी कुत्र्याच्या पाठीत तिने बारीक सुया टोचल्या, तेव्हा चौकातली कॉफीची टेबलं हसून हसून हलली होती. एकाने तर विचारलं की माझ्या मेव्हण्यालाही टोचशील का, तोही उठून कामाला लागत नाही. मागचे पाय फरफटवणारा तो कुत्रा पुढे डोंगर चढायला लागला आणि हसणारेच आपापली जनावरं काखोटीला मारून तिच्या दारात उभे राहिले. पेरिनाने मात्र सुयांचा कधी डंका पिटला नाही. सुईच्या जोडीला वेदनेचं औषध, दुखऱ्या सांध्यावर लेझरचा उबदार प्रकाश, सुटलेलं पोट कमी करायला नेमका आहार. आणि चिरफाड लागणार असेल तर सरळ बोटीत बसवून पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात रवानगी. सुई ही औषधाची सवत नव्हे, जाऊ आहे, दोघींनी एका चुलीवर नांदायचं, असं तिचं म्हणणं.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो खोटा नाही. अख्ख्या बेटाची उलटतपासणी घेणाऱ्या पेरिनाला एकाच घरात तोंड उघडता येत नसे, आणि ते घर तिच्याच माडीवर होतं. तिथे सासूबाई राहायच्या, मांदालिना.

मांदालिनाची लॅव्हेंडरची शेतं आणि त्या फुलांचं तेल काढायची तांब्याची भट्टी. तिच्या तेलाला सगळ्या बेटावर मान. डोकं दुखलं, लाव तेल. मधमाशी चावली, लाव तेल. जावयाशी वाजलं, उशीवर दोन थेंब टाक. नवरा गेल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे कोन्तेसा, एक म्हातारी करडी मांजर. नावाला सरदारीण, वागायलाही तीच. तोन्ची, म्हणजे पेरिनाचा नवरा, बोटीवर इंजिनं सांभाळायचा आणि आठवड्यातून निम्मे दिवस समुद्रावर असायचा. तेवढे दिवस वर सासू, खाली सून, आणि मधल्या जिन्यात मांजर. दोघींचं बोलणं बहुतेक मांजरीमार्फतच व्हायचं.

कोन्तेसाचे कंबरेचे सांधे धरले. खिडकीवर उडी मारायची ती खालीच बसून खिडकीकडे बघू लागली. मांदालिनाने नाक मुरडून का होईना, तिला खाली आणलं. पेरिनाने तपासलं, औषध दिलं, सुया टोचल्या. आणि नेहमीची चौकशी मात्र गिळली. सासूला विचारायचं तरी काय, घरात भांडणं होतात का?

पहिल्या खेपेनंतर मांजर पुन्हा खिडकीत दिसली. सासूबाईंकडून खाली पालेभाजी-बटाट्याचं भांडं आलं. पेरिनाने ते प्रशस्तिपत्रक समजून संपवलं.

पुढच्या खेपांनंतर मात्र उलटंच झालं. मांजर खाईना. तोंडातून लाळ गळायला लागली, चालताना दारू प्यायल्यासारखी झोकांड्या खाऊ लागली. गावाने ठरवलं की दक्षिणेचा वारा सुटलाय, त्यात माणसंही अशीच होतात. मांदालिनाने वेगळं ठरवलं. ती जिन्यावर उभी राहून शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, माझी मांजर म्हणजे काही सुया खोचायची गादी नव्हे, हिने तिला संपवली. त्या दिवशी त्या वाऱ्याने बोटीही बंद होत्या. रक्त तपासायला पाठवायची सोय नव्हती. मांजर गेली तर सासूबाईंकडे दुसरं काही उरत नाही, आणि आपल्याच हाताने गेली असेल तर या घरात आपलंही काही उरत नाही, हे पेरिनाला सरळ दिसत होतं.

तिने कोन्तेसाला उचलून दवाखान्यात नेलं. अंग गार पडत होतं म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, पायाच्या शिरेत सलाईन चालू केलं आणि जवळ बसून राहिली. दवाखान्यात साबणाखेरीज कसला वास ती ठेवू देत नसे, जनावरं बिचकतात म्हणून. बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की खोलीभर लॅव्हेंडर दरवळतंय. घरी हा वास कुणाला येतो? आमच्याकडे पडद्यांना, पावाला, पाद्रीबाबांच्या झग्यालासुद्धा तोच वास. पण इथे? तिने मांजरीच्या पाठीत नाक खुपसलं. जिथे जिथे सुई टोचली होती, तिथे तिथे केस तेलकट होते.

ती उठली, दार उघडलं. बाहेर पायरीवर मांदालिना बसलेली होती. भांडायला आली होती आणि आत यायचा धीर झाला नव्हता.

"आई, आत या. बसा," पेरिना म्हणाली आणि सवयीने अंजीर तिच्या हातावर ठेवलं. "मांजरीला काय काय लावता, ते सांगा."

"मी काय लावणार? तू भोकं पाडतेस, ती चिघळू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक थेंब. घरचं तेल. शुद्ध."

"दर वेळी?"

"दर वेळी. तू विसरतेस म्हणून मीच करत होते. तुझ्यावर आळ यायला नको."

पेरिनाला हसावं की रडावं कळेना. माणसाला चालतं ते मांजराच्या यकृताला पचत नाही, हे तिने सांगितलं. आणि मांजर तर चाटूनपुसून सगळं पोटात घेते. मांदालिनाचा चेहरा पांढरा पडला. मग बोलायला वेळच नव्हता. सासूने मांजर धरली, सुनेने भांडी घासायच्या साबणाने तिची पाठ धुतली, पुन्हा धुतली, पुसली, पंच्यात गुंडाळली. हाताला हात लागत होते आणि कुणी काढून घेत नव्हतं.

"मला एकदा विचारायचं तरी," मांदालिना पुटपुटली. "साऱ्या गावाला विचारतेस."

"तुमची भीती वाटते, आई."

"बरं आहे. वाटायलाच पाहिजे."

वारा पडला, बोटी सुरू झाल्या, रक्ताचा अहवाल आला. यकृताला थोडी झळ लागली होती, पण निभावण्याजोगी. अहवाल यायच्या आधीच कोन्तेसाने उकडलेल्या सार्डिन माशांचा वाडगा चाटून साफ केला होता आणि दुसरा का नाही म्हणून पेरिनाला पंजा मारला होता. मांदालिना ते बघून दवाखान्याच्या भिंतीला टेकली आणि डोळे पुसत, मांजरीच्या उद्धटपणाबद्दल सुनेचीच माफी मागू लागली. पुढच्या सुयांच्या वेळी तीच मांजर धरून बसली, तेलाची बाटली माडीवर कुलपात ठेवून. सुया काढून झाल्यावर तिने स्कर्ट जरा वर घेतला आणि आपला सुजलेला गुडघा पुढे केला.

"आई, मी जनावरांची डॉक्टर आहे."

"माझ्याबद्दल तुझं काय मत आहे ते मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे. टोच."

पेरिनाने टोचलं नाही, कायद्यात बसत नाही म्हणून. गुडघ्याच्या डॉक्टरांकडे स्प्लिटला नेण्याचं ठरवलं, आणि बोटीत दोघी शेजारी बसल्या. जाऊन येईपर्यंत काय बोलल्या ते आम्हाला अजून कळलेलं नाही. सासूसुद्धा आता सुनेसारखीच झालीय, तोंडातून अक्षर काढत नाही.