आपल्याकडचं कोणी नसलेली गल्ली

पुण्या-मुंबईची माणसं यवतमाळला शहर म्हणताना जरा अडखळतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी राळेगावच्याही पुढच्या आमच्या गावात चार-दोन वर्षं काढावीत आणि मग बोलावं. आमच्यासाठी यवतमाळ म्हणजे मोठंच शहर. मोठा दवाखाना तिथं, मोठा बाजार तिथं, आणि लग्नानंतरची कितीतरी वर्षं माझा नवराही तिथंच.

ते एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहेत. दुकानाचं शटर पडेपर्यंत आमच्याकडची शेवटची एसटी निघून गेलेली असायची. म्हणून बसस्टँडमागच्या एका खोलीत चार-पाच जणांबरोबर राहायचे, रविवारी सकाळच्या गाडीनं यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आठवड्याचे बाकीचे दिवस मी सासू-सासऱ्यांकडे, शेतात आणि चुलीपुढे.

"आम्हाले घेऊन चला ना," असं मी म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"पुढच्या वर्षी पाहू. यवतमाळात घरं काय झाडाले लागते?"

हे पुढचं वर्ष दरवर्षी यायचं आणि तसंच निघून जायचं. मीही दरवर्षी गप्प बसायचे. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण नवी सून म्हणून जरा जास्तच दिवस निभावलं.

मग एका रविवारी काय झालं, ते सांगते. माझी लेक तेव्हा सहाव्या वर्षात होती. ओट्यावर भातुकली मांडून बसली होती. बाप दारात दिसल्याबरोबर तिनं भांडीकुंडी गोळा केली, खुर्ची पुढं सरकवली, स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं आणि बाजूला हात बांधून उभी राहिली. सासूबाईंना कौतुक वाटलं, किती शहाणी पोर म्हणून. बापानं पाणी प्यायलं. तशी लेक अदबीनं म्हणाली, "तुमची गाडी किती वाजता हाय?"

सगळे हसले. नवराही हसला. मी मात्र रिकामा पेला उचलून आत गेले. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांना आम्ही जसं विचारतो, अगदी तसंच तिनं विचारलं होतं. जूनमध्ये तिचं नाव पहिलीत घालायचं होतं. सासूबाईंनी गावची शाळा पक्की करून टाकली होती, आणि एकदा गावात नाव लागलं की आम्ही कायमचे तिथलेच, हे मला स्वच्छ दिसत होतं. जूनच्या आत यवतमाळात घर मिळालं नाही, तर माझी लेक बापाला पाहुणा समजतच मोठी होणार होती.

त्या संध्याकाळी नवऱ्याला गाडीत बसवताना मी सांगून टाकलं, "घर मी पाह्यतो."

"तू? तुले यवतमाळचे रस्ते तरी माहीत हायेत काय?"

"तुम्हाले माहीत हायेत ना? मंग काय उजेड पडला?"

गाडी सुटली म्हणून ते वाचले.

मार्च लागला होता. कापूस घरात आला होता, शेतात फारसं काम नव्हतं. पोरीला सासूबाईंजवळ ठेवून मी यवतमाळची एसटी धरली. यवतमाळात माझी चुलत नणंद कळंब रोडच्या बाजूला राहते. तिच्याचकडे गेले, दुसरीकडे जाणार कुठं? तिनं मला चार ठिकाणी फिरवलं. एका खोलीला खिडकी नव्हती. दुसरीला खिडकी होती, पण ती उघडली की समोरच्यांच्या मोरीत डोकं जायचं. आणि भाडं ऐकावं तर नवऱ्याचा अर्ध्याहून जास्त पगार तिथंच संपावा. मी जरा कमी-जास्त करा म्हटलं, तर घरमालकानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"घ्याची तं घ्या, बाई. तुमच्याकडचे लोक रोजच येते खोली विचारायले."

परतताना नणंद म्हणाली, "वहिनी, पगार पाहून सपनं पाहा लागते. तुमच्या पगारात यवतमाळात घर नाही भेटत." तिच्या आवाजात माया कमी आणि मजा जास्त होती.

मी बसस्टँडवर येऊन बसले. गाडीला वेळ होता, शिदोरी सोडली. राग इतका आला होता की ठेचा तिखट लागेना. समोर राळेगावची गाडी येऊन लागली. माणसं उतरली आणि जवळजवळ सगळी कळंब रोडकडं चालू लागली. थोड्या वेळानं आर्णीची गाडी आली. ती माणसं आर्णी रोडच्या ऑटोत बसली. दारव्ह्याची आली, ती दारव्हा रोडकडं वळली. मी भाकरीचा घास हातात घेऊन पाहतच राहिले. जो ज्या रस्त्यानं शहरात येतो, तो त्याच रस्त्याच्या तोंडाशी बिऱ्हाड करतो. गावाकडचं कोणी आलं तर जवळ पडतं, खोलीही आपल्याच माणसाच्या ओळखीनं मिळते. आम्ही राळेगाव-कळंबची सगळी माणसं शहराच्या एकाच कोपऱ्यात शिरायला धडपडत होतो. घरमालकांना भाडं वाढवायला आम्हीच शिकवलं होतं. आणि बाकीचं एवढं मोठं यवतमाळ आमच्यापैकी कोणी कधी विचारातच घेतलं नव्हतं! नवऱ्यानंही नाही, नणंदेनंही नाही, सकाळपासून मीही नाही.

शिदोरी बांधली आणि ऑटोवाल्याजवळ गेले.

"भाऊ, राळेगावकडचं माणूस औषधाले सापडणार नाही, अशा ठिकाणी सोडा मले."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "काहून बाई, घरून भांडून आल्या काय?"

"नाही हो. भाड्याचं घर पाहून राह्यलो."

तो बराच वेळ हसला, पण माणूस कामाचा निघाला. आर्णी रोडच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून एका चढावाच्या पायथ्याशी त्यानं मला उतरवलं. "इथं आर्णी-दिग्रसकडचेच सारे. तुमचं कोणी भेटलं तं पैसे वापस," म्हणाला.

चढावर दोन-तीन दारं ठोठावली. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: तुमचं इथं कोण हाय? कोणीच नाही म्हटलं की बायका दार अर्धं लोटून घ्यायच्या. ओळखीचं माणूस नसताना कोणी इतक्या दूर येतं म्हणजे नक्की काहीतरी लफडं, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. गल्लीच्या शेवटी एक बंजारा काकू अंगणात गहू पाखडत बसल्या होत्या. मुलगा पुण्याला, मागच्या दोन खोल्या रिकाम्या. त्यांनी भाडं सांगितलं. मी विचारलं, "हे महिन्याचं सांगता का पंधरा दिवसांचं?"

काकू हसल्या नाहीत. "महिन्याचंच. पण आधीच सांगतो, नळाचं पाणी इथवर चढत नाही. खालून भरून आणा लागते. दोन भाडेकरू खोली सोडून पयाले याच्यापायी."

यवतमाळात उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा नेम नाही, आणि आला तरी खालून चढावर हंडे आणायचे. माझं तोंड उतरलं. तेवढ्यात खोल्यांच्या मागं, पत्र्यानं झाकलेला गोल कठडा दिसला.

"ही विहीर काय?"

"हाय ना. मोटर जळली, तवापासून कोणी पाह्यलं नाही तिच्यात."

"पाणी?"

"पाणी भरपूर हाय. पण मोटरबिगर काढते कोण आता?"

मी पदर खोचला. "काकू, दोर द्या."

दोर नव्हताच. कपडे वाळवायची नायलॉनची दोरी सोडली, बादलीला बांधली, पत्रा सरकवला. माहेरी न्हाणीपासून जनावरांपर्यंत सारं पाणी मीच ओढायचे. हात विसरले नव्हते. बादली वर आली तेव्हा तिच्यात पानं होती, कचरा होता आणि भयंकर चिडलेला एक बेडूक होता. काकूंनी शेजारणीला हाक मारून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. मला शब्द कळला नाही, पण दोघी पोट धरून हसायला लागल्या, तेव्हा घर मिळालं हे मला कळलं. विहीर मी साफ करून घ्यायची आणि भाडं तेवढंच राहायचं, एवढं ठरलं.

रविवारी नवऱ्याला सांगितलं. त्यांनी लगेच खोड्या काढायला सुरुवात केली.

"दुकान लांब पडते तिथून."

"सायकल हाय ना."

"ओळखीचं कोणी नाही तिकडं."

"म्हणूनच तं परवडते."

"विहिरीचं पाणी ओढशीन तू रोज?"

"इथं वेगळं काय करून राह्यलो मी?"

"पण..." म्हणून ते पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागले. मग हळूच म्हणाले, "आणलं तुम्हाले आणि निभलं नाही तं? या भेवानंच मी दरसाल टाळत होतो." इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडले होते, त्या दिवशी मला त्यांची दयाही आली आणि मायाही आली. तरी सामान बांधायला मी त्यांना थांबू दिलं नाही.

एप्रिलमध्ये एका छोटा हत्ती टेम्पोत आमचा संसार मावला, वर जागाही उरली. विहीर उपसायला गल्लीतली पाच-सहा माणसं उतरली. आमच्या यांनी दुकानातून लोखंडी कप्पी आणून बसवली. गाळ निघाला, प्लास्टिकचे चेंडू निघाले, एक चप्पल निघाली. खालचे झरे मोकळे झाले, आणि दोन दिवसांत पाणी असं निवळलं की तळ दिसावा. काकूंनी पहिल्या बादलीला हळदकुंकू वाहिलं.

मे महिन्यात शहराचे नळ कोरडे पडले. टँकरमागं लोक धावू लागले. आमची गल्ली मात्र सकाळ-संध्याकाळ कप्पीच्या आवाजानं जागी असायची. एका दुपारी स्कूटी वर चढत आली. माझी नणंद! पुढं एक कॅन, मागं एक कॅन.

"वहिनी, तुमच्याकडं पाणी हाय म्हणते."

मी तिला सावलीत बसवलं. ती हात लावायला उठली, मी लावू दिला नाही. एकेक बादली मी स्वतः ओढली, तिच्या देखत, सावकाश. हा माझा दुष्टपणा होता आणि मला तो फार आवडला. दोन्ही कॅन भरल्यावर तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"इकडं अजून खोल्या हायेत काय हो?"

"विचारून पाह्यतो," मी म्हटलं. "पण गावात कोणाले सांगू नका बरं. भाडं वाढते."

जूनमध्ये लेकीचं नाव इथल्या शाळेत लागलं. सासूबाईंनी फोनवर दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, पोरगी डबा संपवते की नाही.

त्यानंतरच्या एका मंगळवारची गोष्ट. सकाळची वेळ. बाप दुकानात जायच्या घाईत, लेक शाळेच्या. दोघं माझ्यासमोर ताट घेऊन बसलेली. मी लेकीच्या ताटात गरम भाकर टाकली, टम्म फुगलेली. वरचा पापुद्रा तिला फार आवडतो. ती मीठ घ्यायला वळली आणि तेवढ्यात बापानं तो पापुद्रा अलगद उचलून तोंडात टाकला. लेकीनं पाहिलं. ताट ढकललं, बापाच्या दंडावर दोन गुद्दे घातले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं भोकाड पसरलं.

"आई, पाह्य ना बाबाले! रोजच खाते माहा पापुद्रा! रोजच, रोजच!"

नवरा चावायचा थांबला. मी तव्यापुढं बसले होते. डोळे भरून आले, ते धुरानं नाही, गॅस होता. तिला कोणी शहाणी म्हटलं नसतं असा तिचा अवतार झाला होता, नाक वाहत होतं, आणि ती बापाला अजून मारतच होती.

मी पुढचा गोळा परातीत घेतला आणि थापायला लागले.

"रडू नको," मी म्हटलं. "उद्याही खातीन ते."