मामाजींच्या खोलीचं दार

आज सकाळी घरात एक उद्योग केला. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, चार महिन्यांपासून अमरावतीला आमच्याकडे आहेत. मोझरीकडची त्यांची संत्र्याची बाग पाण्यावाचून वाळली, झाडं तोडावी लागली. तेव्हापासून ते खोलीचं दार लावून आत बसतात. जेवणाचं ताटही आतच न्यावं लागतं.

ते दार अगदी साधं, सपाट आणि मळकं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी त्यावर लाकडी पट्ट्यांच्या चौकटी ठोकायला घेतल्या. मामाजी पलंगावरून बराच वेळ बघत होते.

“पट्टी वाकडी लागून राहिली, बाई.”

“नीट तर आहे, मामाजी.”

“कायची नीट? दोरा आन मले.”

दोऱ्याचं एक टोक माझ्या हातात देऊन त्यांनी वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने खुणा केल्या.

“संत्रा लावतानी आमी अशाच ओळी धरो,” ते म्हणाले.

इतक्या महिन्यांत बागेबद्दल ते पहिल्यांदाच बोलले. मी एकेक पट्टी त्यांच्या हातात देत गेले.

मग दोघांनी मिळून हिरवा ऑइल पेंट दिला. “रंग ओला आहे, आता दार लावू नका,” मी सांगितलं. त्यामुळे दार उघडंच राहिलं. दुपारी मामाजी आमच्यासोबत जेवायला बसले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा.

आता संध्याकाळ झाली. मघाशी बोट लावून पाहिलं, रंग सुकलाय. मामाजींना मी अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही सांगितलं असतं का?