काचेची न्हाणी

१० मार्च २००६ रोजी सतीश मोघेने एडिंबरातल्या एका झकपक हॉटेलात क्रेडिट कार्डावरून चारशे बारा पौंड पन्नास पेन्स भरले. खोली स्वतःसाठी नव्हती. त्याच्या साडूच्या, अजयच्या, लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, त्याची ही भेट. स्वतःसाठी त्याने त्याच हॉटेलातली निम्म्या भाड्याची साधी खोली घेतली.

"एवढा खर्च? भावोजींवर?" त्याच्या बायकोने, नीनाने, विचारलं.

"तुझ्या ताईवर," सतीश म्हणाला आणि कॉम्प्युटर बंद केला.

सतीश लंडनमधल्या हॅरोत राहायचा आणि कागदाच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघायचा. १९९१ साली त्याची आधीची कंपनी बुडाली, घर गेलं, तेव्हा तो आणि नीना पाच महिने कार्डिफला अजयच्या बॉक्सरूममध्ये, सामान ठेवायच्या चिमुकल्या खोलीत, राहिले. अजय तिथे हाडांचा डॉक्टर. त्याने राहू दिलं, जेवू घातलं, हे खरंच. पण पुढची पंधरा वर्षं, गणपती असो की कुणाचं बारसं, त्याने तो किस्सा सोडला नाही. "हे आमचे साडू! झोपले की पाय दाराबाहेर यायचे. हॉटेल अजय, फुल बोर्ड, राहणं-जेवण सगळं!" लोक हसायचे. सतीशही हसायचा आणि घरी येताना गाडीत अवाक्षर काढायचा नाही.

पुण्याला सासऱ्यांना मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. नानांच्या लेखी धाकटा जावई विलायतेत व्यवस्थित होता. ब्याऐंशी वर्षांचे नाना त्या वर्षी पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते आणि ईस्टरला एडिंबराच्या सहलीत बरोबर होते. अजय तोंड उघडल्याशिवाय राहणार नाही, हे सतीश जाणून होता.

रिसेप्शनवरच सतीशने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाना आमच्या खोलीत झोपतील."

अजयला दुसऱ्याचा पाहुणचार कधी सहन होत नसे. "छे! थोरला जावई समोर उभा असताना? मोठी रूम कुणाची आहे?"

"बघा हं, अजयराव. मागाहून अडचण नको."

"अडचण? माझ्याकडे पाच-पाच महिने माणसं राहून गेलीत." अजयने डोळा मिचकावला.

"कोण हो?" नानांनी विचारलं.

"उद्या ब्रेकफास्टला सांगतो, नाना. झकास किस्सा आहे."

सतीशने बॅगा उचलल्या.

अजयच्या खोलीत मधोमध बाथरूम होतं. कमोड, शॉवर, सगळं चारी बाजूंनी स्वच्छ काचेत, पडदा नावाला नाही. शोकेसमध्ये मांडल्यासारखं. खोली बदलून मागावी, तर ईस्टरमुळे हॉटेल भरलेलं. थोड्याच वेळात अजयची बायको सुचेता टॉवेल घेऊन बहिणीच्या खोलीत आली आणि हसून हसून पलंगावर पडली. अजय मात्र आला नाही. तो गुपचूप तळमजल्यावरच्या टॉयलेटला जाऊन आला.

सकाळी नानांनी पंचा नेसला आणि स्तोत्र पुटपुटत त्या काचेत खुशाल आंघोळ उरकली. "वाईला घाटावर अख्ख्या गावादेखत नाहायचो, अजयराव. या, तुम्हीही उरका." अजय टॉवेल खांद्यावर टाकून तडक कॉरिडॉरमध्ये आला आणि त्याने सतीशचं दार वाजवलं.

"अरे सतीश, जरा तुझं बाथरूम..."

सतीश दारात तसाच उभा राहिला. या क्षणाची त्याने चवीचवीने वाट पाहिली होती. "या ना. फुल बोर्ड आहे. पण नीना आत आहे, तिथेच थांबा."

त्याने दार लोटून घेतलं. नीना साडी नेसून पलंगावर बसली होती. "अहो, काय हे! घ्या ना भावोजींना आत."

"थांबू दे."

बाहेर सामान ओढत माणसं जात होती आणि नाइट ड्रेसमधल्या डॉक्टरांना गुड मॉर्निंग म्हणत होती. सतीशने पाण्याचा पेला भरला, सावकाश प्यायला, मग दार उघडलं.

"अजयराव, आता किस्से दोन झाले. ब्रेकफास्टला तुम्ही एक सांगितलात, की दुसरा मी सांगणार. आणि मग गणपतीला, मंडळात."

अजयने खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला. "तू मुद्दाम केलंस हे."

"वेबसाइटवर फोटो होता."

"हलकट आहेस."

"आंघोळ करा. पाणी गरम आहे."

ब्रेकफास्टला नानांनी आठवण करून दिली. "अजयराव, तो किस्सा राहिलाच की."

अजय टोस्टला लोणी लावत राहिला. "विसरलो, नाना."

सतीशने आणखी एक अंडं मागवलं. नीना दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही. बॉक्सरूमचा किस्सा त्यानंतर कार्डिफमध्ये किंवा हॅरोत कुणीही ऐकलेला नाही.

परतताना एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनवर सगळ्यांचा चहा अजयने घेतला. त्यातले सतीश आणि नीनाच्या वाट्याचे तीन पौंड ऐंशी पेन्स सतीशने अजयला अजून द्यायचे आहेत.